खाऊन टाकायची झाडं विकणारी नर्सरी : आमची वाटचाल

खरं सांगायचं तर नर्सरी काढली तेव्हा फुलपाखरं आमच्या डोक्यातही नव्हती. बडोद्याच्या दांडिया बाजारात सासऱ्यांचं जुनं घर, वरची गच्ची रिकामी, सासूबाईंना कुंड्यांचं वेड आणि नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, एवढंच भांडवल. तुळस, मोगरा, गुलाब, मनीप्लांट असं विकत विकत समाच्या बाजूला एक तुकडा भाड्याने घेतला, हिरवी जाळी ताणली आणि बोर्ड लावला. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी गुजराती आणि रोपांच्या टेम्पोवाल्याशी हिंदी, बडोद्यात राहणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही.

मग लोक यायला लागले मोबाईलवर फोटो घेऊन, की असं बटरफ्लाय गार्डन करून द्या. आम्ही म्हटलं सोपं आहे, फुलं लावली की फुलपाखरं येणारच. पेंटास, झिनिया, इक्झोरा, झेंडू असा बारा कुंड्यांचा सेट केला आणि तो खपलाही बरा. गोत्रीकडच्या एका सोसायटीने तर दीडशे रोपांची ऑर्डर दिली, आम्ही त्या रात्री श्रीखंड आणलं होतं. तीन महिन्यांनी सेक्रेटरींचा फोन, बेन, पतंगियां क्यां छे, म्हणजे फुलपाखरं कुठे आहेत? जाऊन बघते तर झेंडू सगळा डबलवाला, पाकळ्या इतक्या गच्च की फुलपाखराची सोंड आत मधापर्यंत जायची कशी, वाफा दुपारी बारानंतर बिल्डिंगच्या सावलीत, आणि माळी दर पंधरा दिवसांनी औषध मारतोय कारण पानांना भोकं पडलेली साहेब लोकांना चालत नाहीत. झेंडू निवडणारे आम्हीच होतो. अर्धे पैसे परत केले, श्रीखंड महागात पडलं.

त्याच पावसाळ्यात एक काकू कढीपत्त्याची कुंडी परत घेऊन आल्या. आमच्याकडून नेलेली, इकडे मीठो लीमडो म्हणतात. कुंडी काउंटरवर आपटून म्हणाल्या, बेन, आमां तो इयळ पडी गई छे! सासूबाई शेजारीच होत्या, त्या म्हणाल्या अळ्या कसल्या, चिमणीची घाण आहे ती, आणि ओलं फडकं घेऊन पुसायला गेल्या तर त्या घाणीने डोक्यामागून एक नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं आणि असा उग्र वास सुटला की फडकं तिथेच पडलं. काकूंना दुसरी कुंडी दिली आणि ही काउंटरवरच राहिली, कारण आता ती कोण घेणार.

तिच्याकडे बघत बघत आम्ही शिकलो. लहान असताना त्या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून पक्षी तोंड लावत नाही, शेवटची कात टाकली की एकदम हिरव्यागार होतात, मग काडीला कमरेत धाग्याचा पट्टा बांधून कोश करतात. आठ-दहा दिवसांनी सकाळी शटर उघडलं तर कोश रिकामा आणि शेजारच्या काडीवर पंख वाळवत बसलेलं लाइम फुलपाखरू, काळं-पिवळं, मागच्या पंखावर विटकरी ठिपका. नवऱ्याने तेवढा वेळ पंखा बंद ठेवला, मे महिन्यात आमच्यासाठीसुद्धा करत नाही तो.

तर मुद्दा असा निघाला की फूल म्हणजे फुलपाखराचं हॉटेल, येतं, पितं, जातं. राहायला पाहिजे तर अंडी घालायचं झाड पाहिजे, आणि ते प्रत्येकाचं ठरलेलं असतं. मादी पानावर पाय आपटून चव घेते आणि बरोबर तेच झाड पकडते, शेजारी कितीही महागाचं रोप ठेवा. लिंबू-कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉर्मन, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कॉस्टर, आणि पानफुटी तर मजेशीर, रेड पिएरोची अळी पानाच्या आत शिरून वरखालच्या सालीमधला गर खात फिरते, वरून नुसते पांढरट डाग दिसतात आणि लोक म्हणतात बुरशी आली. आसोपालवावर, म्हणजे आपल्या खोट्या अशोकावर, टेल्ड जे. बडोद्यात प्रत्येक कंपाउंडला तो उंच आसोपालव आहे, दिवाळीच्या तोरणाला लोक पानं तोडतात आणि वर कोण राहतं कुणाला माहीत नाही.

रुई आम्ही ठेवायला लागलो ती वेगळ्याच कारणाने. शनिवारी मारुतीला पानांची माळ लागते, इथले लोक आकडाची, म्हणजे रुईचीच, फुलं चढवतात, म्हणून चार कुंड्या मागे ठेवलेल्या. त्यावर प्लेन टायगर आपोआप आलं. रुईचा चीक विषारी, अळी तो अंगात साठवून ठेवते आणि मग फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. याची नक्कल करणारी एक मादी आहे, डॅनेड एगफ्लाय, हुबेहूब तशीच दिसते पण विष नाही, आणि ती अंडी घालते घोळावर, म्हणजे आपण भाजी करतो त्या घोळावर, जी आम्ही तण म्हणून इतकी वर्षं उपटून टाकत होतो. रुई देताना मात्र आम्ही सांगूनच देतो, चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो, लहान मुलं असतील तर मागच्या कोपऱ्यात लावा.

धंदा म्हणून हे सोपं नाहीये हं. अर्ध्या नर्सरीत फवारणी बंद केली तर मिलीबगने, म्हणजे पांढऱ्या पिठ्या ढेकणाने, जास्वंदीची पूर्ण रांग खाल्ली. त्याहून वाईट म्हणजे, एकदा बाहेरून लिंबाची रोपं मागवली, टवटवीत, एक डाग नाही, आमच्याकडच्या अळ्या त्यावर सोडल्या आणि दोन दिवसांत सगळ्या मेल्या. औषध पानावर नव्हतंच, मुळातून शोषून झाडाच्या अंगात गेलेलं, धुऊन काय उपयोग. तेव्हापासून बाहेरून आलेलं रोप वेगळ्या शेडमध्ये राहतं, जुनी पानं जाऊन चांगली नवी पालवी आली की एखाद्या फांदीवर अळी ठेवून बघतो आणि मगच यजमान झाड, म्हणजे अळ्यांच्या खाण्याचं झाड, म्हणून विकतो. महिने जातात यात, पैसा अडकतो. नवरा अजून कुरकुरतो आणि तो हिशोब बघतो म्हणजे त्याचं बरोबरच असणार.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा जमिनीवरचं सगळं गेलं, कुंड्या तरंगत पार कोपऱ्यात, चिखल काढायला आठवडा गेला, आणि मगरीच्या भीतीने पहिले दोन दिवस तर कुणी आत जायलाच तयार नव्हतं. गच्चीवर कटिंगसाठी जपलेल्या मदर प्लांटवरून पुन्हा कटिंग केलं. रुई आणि पानफुटी सगळ्यात आधी उभी राहिली, गुलाब एकही वाचला नाही.

आता कढीपत्ता आम्ही जोडीनेच देतो, एक फोडणीला, एक अळ्यांना. हसतात लोक पण नेतात. फुलांमध्ये सिंगल झिनिया, पेंटास आणि जमैकन स्पाइक देतो, सहा तास ऊन नसेल तर सरळ सांगतो की पैसे घालवू नका. घाणेरी मागायला येतात, तिच्यावर फुलपाखरं तुटून पडतात हे खरंच, पण ती सुटली की सगळं रान व्यापते, म्हणून आम्ही ठेवत नाही, यावरून एका जुन्या गिऱ्हाइकाशी आमचं भांडण चालूच आहे. पसरट कुंडीत ओली माती आणि चिमूटभर मीठ ठेवायचं मात्र फुकट सांगतो, नर तिथे क्षार प्यायला बसतात. लग्नात डब्यातून फुलपाखरं सोडायची असतात म्हणून इव्हेंटवाले येतात, पैसे चांगले देतात, त्यांना नाही म्हणतो. डब्यात गुदमरलेली फुलपाखरं एसी हॉलमध्ये उडणार तरी कशी.

तक्रारी आहेतच. कोश काळा पडला, त्यातून फुलपाखराऐवजी बारीक माश्याच निघाल्या, म्हणून एक ताई रडवेल्या होऊन आल्या. त्यांना सांगितलं ती परजीवी माशी, अळीत किंवा कोशात अंडी घालते, तिलाही पोट आहे. पटलं नाही त्यांना. पुढच्या वेळी जाळीच्या डब्यात ठेवा म्हटलं तेव्हा पटलं.

जुलै ते ऑक्टोबर आमचा सीझन. काउंटरवर अजून एक खाल्लेला कढीपत्ता असतोच, त्यावर सासूबाईंनी गुजरातीत पाटी लावलीय, आ वेचवानो नथी, म्हणजे हा विकायचा नाही. रोज दोन-तीन जण त्याचाच भाव विचारतात.