उपासाची पिशवी

उद्या एकादशी, म्हणून आज गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेले. परत येताना रिक्षात हिशेब मांडत बसले. पैशांचा नाही, कोण कुठून आलंय त्याचा.

बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणे आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कसावा, दोन्ही दक्षिण अमेरिकेतले. मिरची मेक्सिकोकडची. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, मागाहून पोर्तुगिजांच्या गलबतांतून हे सगळं आपल्या किनाऱ्याला लागलं. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. म्हणजे आमची सोवळ्यातली खिचडी सातासमुद्रापारची! (सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सणासुदीला घरात शांतता बरी.)

मग त्याआधी उपासाला काय खात असतील? त्याचं उत्तर बहुतेक पायऱ्यांजवळ बसलं होतं. पेठ तालुक्याकडच्या एक आजी, पुढ्यात फडक्यावर वरई. गिरणीतल्या भगरीसारखी पांढरीशुभ्र नाही, मातकट, उखळात सडलेली. डोंगरउतारावर पिकते.

“आजी, बी कुठून आणता?”

“आणायचं कशाला? सासूनं ठेवलं व्हतं, आता मी ठेवते.”

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं वरईसारख्या भरडधान्यांचं वर्ष होतं, केवढा गाजावाजा झाला. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, “आमचं दरसालच आस्तं.” आणि मूठभर जास्त घातली.

आत्ता एका पातेल्यात साबुदाणा भिजतोय. वरई निवडून झाली, तीन खडे निघाले.