ओठ कळकला

लगीनसराईत आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात सकाळी अकराच्या आत एकही वादक फिरकत नाही. आदल्या रात्रीची वरात आटोपून, कपडे आणि ढोल जमा करून घरी पोचेपर्यंत मंडळींना एक वाजतो. त्या दिवशी मात्र मी शटर अर्धं वर केलं, तर मास्तर पायरीवर बसलेले. शेजारी त्यांचा भाचा, मांडीवर ट्रंपेटची केस घेऊन.

"ताई, याच्या माउथपीसचं भोक वाढवून द्या. अर्धा सूत."

अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर. माउथपीस म्हणजे ट्रंपेटचं ओठ लावायचं सुटं तोंड, वर वाटी, खाली दांडी. त्याच्या गळ्याचं भोकच मुळात साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचं असतं. बाख कंपनीचं नेहमीचं 27 नंबरच्या ड्रिलचं, 3.66 मिलिमीटर. त्यात अर्धा सूत वाढवला तर ट्रंपेट राहत नाही, पाणी भरायचं नरसाळं होतं. पण मास्तर गेली तीस वर्षं बँड चालवतात, माझ्या बाबांच्या वेळचे गिऱ्हाईक. म्हटलं, आधी चहा घ्या.

तक्रार अशी. भाचा मुख्य ट्रंपेट वाजवतो. गेल्या पंधरवड्यात तीनदा असं झालं, की वरात रंगात आली आणि वरचा सूर धरायला गेला की आवाजच बंद. फाटत नाही, चुकत नाही, नळ बंद करावा तसा थांबतो. आज संध्याकाळी परण्या आणि लगेच वरात, सुपारी मोठी, आणि नवरदेवाच्या मामांनी ट्रंपेटवरच्या तीन गाण्यांची फर्माईश आधीच देऊन ठेवलेली.

पोरानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून माउथपीस. नवा कोरा, आरशासारखा. बाहेरून कोरलेला आकडा, 14A4a.

"हा का घेतलास?"

त्याचा हिशेब ऐकून मला हसावं की रडावं कळेना, कारण हिशेब चुकीचा असला तरी बिनडोक नव्हता. मोबाइलवर त्याला बाखच्या मापांचा तक्ता मिळाला होता. बाखमध्ये आकडा जितका मोठा तितकी वाटी अरुंद. अक्षराचं म्हणाल तर A सगळ्यात खोल, मग B, C असं उथळ होत जातं. तेव्हा 14 म्हणजे अरुंद, वर चढायला सोपा. A म्हणजे खोल, आवाज भरदार. दोन्ही हातांत लाडू! फक्त तो माउथपीस बाखच्या मापाचा नव्हताच. शिकागोच्या शिल्के कंपनीची मोजायची रीत नेमकी उलटी आहे: आकडा वाढला की वाटी रुंद होते, आणि A म्हणजे सगळ्यात उथळ. पुढचा 4 कडेच्या आकाराचा, शेवटचा छोटा a दांडीच्या आतल्या पोकळीचा, म्हणजे तीही अरुंद. यामाहावालेही हीच रीत पाळतात. तेव्हा पोरानं घेतला होता त्याच्या जुन्या, बाखच्या मापाच्या 7C पेक्षा रुंद आणि कितीतरी उथळ माउथपीस. मागवताना मनात होतं त्याच्या बरोब्बर उलटा.

"पण ताई, पहिली दहा मिनिटं काय वाजतो म्हणून सांगू," पोरगा म्हणाला.

वाजवून दाखव म्हटलं. खरंच, दुकानातली काच थरथरली. सरळ वरच्या सीवर गेला. बँडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ट्रंपेटचा सी म्हणजे पेटीची काळी पाच, आणि हा वरचा सी म्हणजे सेकंदाला सुमारे 932 कंपनं. तेवढ्या वेळा त्या बिचाऱ्या ओठाची उघडझाप. उथळ वाटीत आवाजाला धार येते, गर्दीतून तो तिखट ऐकू येतो, हे खोटं नाही. परदेशात बिग बँडमध्ये लीड, म्हणजे मुख्य ट्रंपेट, वाजवणारे असले माउथपीस वापरतातच. पण वरचा सूर वाटी काढत नाही. तो काढतो ओठ, आणि त्यामागची हवा. हे मी मास्तरांना सांगितलं, तेव्हा ते "तेच म्हणतो मी याला, रोज म्हणतो" म्हणून मोकळे झाले आणि खिशातली तुपाची डबी काढून स्वतःच्या मिशीखाली बोट फिरवलं. ही त्यांची जुनी सवय. वाजवो न वाजवो, ओठाला तूप.

त्या डबीनं मला युक्ती सुचली. घरातून चिमूटभर हळद आणली, मास्तरांच्या तुपात कालवली आणि माउथपीसच्या वाटीत, कडेच्या खाली, आतल्या उतारावर गंधासारखी पातळ लावली.

"लग्नाआधीच हळद लावताय ताई याला," मास्तर म्हणाले.

पोरगा पहिल्यांदा वाजवून थांबला. ओठ पाहिला, कोरा. मग म्हटलं, आता वरातीतल्यासारखं वाजव, न थांबता, मी सांगेपर्यंत. तीन मिनिटं, पाच, आठ. कपाळाची शीर दिसायला लागली, माउथपीस ओठावर जास्तच रुतायला लागला. सूर दोनदा हलला. आणि मग, मी वाटच बघत होते, आवाज कट्. पोरानं डोळे विस्फारून माझ्याकडे पाहिलं.

"ओठ दाखव."

वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला, मधोमध, पिवळा टिळा.

वाजवून वाजवून ओठ सुजतो, त्यात दाबला की वाटीत पुढे सरकतो. वाटी खोल असेल तर त्याला जागा मिळते. उथळ असली तर तो सरळ तळाला टेकतो, आणि टेकलेला ओठ हलणार कसा? भोकाचा यात काडीचा दोष नव्हता. भोक वाढवून मी पैसे घेतले असते आणि संध्याकाळी आवाज तिथेच, त्याच गाण्यात बंद पडला असता. शिवाय वाढवलेलं भोक परत लहान होत नाही. दुकान हाती घेतलं त्या वर्षी मी एकाचं वाढवून दिलं होतं, त्यानं हट्ट धरला म्हणून. वरचे सूर ढिले पडले, दम दुप्पट लागायला लागला, आणि शेवटी त्याच्या नव्या माउथपीसचे पैसे मीच भरले. बाबा काही बोलले नाहीत. ते ड्रिल तेवढं उचलून त्यांनी स्वतःच्या खणात ठेवलं.

इथवर सगळं जुळलं, पण एक गोष्ट मला टोचत होती. आठ मिनिटांत ओठ इतका सुजावा? बावीस वर्षांचं पोर, लहानपणापासून वाजवतंय.

"मुळात जुना का बदललास?"

"ओठ आग करायचा. एका बाजूनं. वाटलं माप बसत नाही."

"कुठंय तो?"

केसच्या कोपऱ्यात, तेलकट चिंधीत होता. तो हातात घेतला आणि नव्या माउथपीसवर घालवलेला अर्धा तास फुकट गेला असं वाटलं. दांडीभोवती लग्नपत्रिकेचा कागद गुंडाळलेला. गणपतीची सोंड आणि 'श्री' अजून वाचता येत होतं. दांडीचं टोक चेपलेलं, ट्रंपेटमध्ये घट्ट बसेना म्हणून हा इलाज. त्यानं माउथपीस आत किती जातो त्याचं गणितच बिघडतं, आणि वरचे सूर जागेवर लागत नाहीत. पण खरा प्रकार कडेवर होता. चांदीचा मुलामा डाव्या बाजूनं पार उडालेला, खालचं पितळ उघडं. आणि कडेच्या अगदी आतल्या काठावर, भिंग लावल्यावर दिसली ती बारीक हिरवट रेघ.

पोराचा ओठ पुन्हा पाहिला. लाली डावीकडेच, दोन बारीक चिरा.

आमचं दुकान कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. पितळेच्या भांड्याला कल्हई का करतात हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तसंच हे. थुंकी, घाम, उन्हाळा, उघडं पितळ, आणि ते रोज तीन-चार तास ओठावर दाबलेलं. सगळ्यांनाच बाधतं असं नाही, काहीजण जन्मभर उघड्या पितळेवर वाजवतात. याला बाधलं.

"ओठ कळकलाय तुझा," मी म्हणाले.

मास्तर मोठ्यांदा हसले. "आमच्या वेळी एकच माउथपीस असायचा, तोच जन्मभर. कल्हई नाही नि काही नाही."

मग कामाला लागले. जुन्या माउथपीसच्या दांडीत पोलादी मँड्रेल, म्हणजे निमुळती सळई, घालून लाकडी हातोडीनं हळूहळू टोक गोल केलं. सोंडेसकट कागद काढून टाकला, तेव्हा पोरानं तो उचलून कपाळाला लावला. मुलाम्याला दोन-तीन दिवस लागणार, रात्रीचं काय? खणात एक वापरलेला 7C होता, चांदी शाबूत. तो उकळत्या पाण्यातून काढून दिला. पोरगा कुरकुरला, त्याला 3C हवा होता, कुणीतरी सांगितलं होतं. नाही म्हटलं. आधीच सुजलेल्या ओठावर आणि मोठ्या सुपारीच्या दिवशी अनोळखी कड द्यायची नसते. 3C पुढं कधीतरी, पावसाळ्यात, हंगाम संपल्यावर सवड काढून.

दुसरी गोष्ट पोराला नव्हे, मास्तरांना सांगायची होती आणि ती सांगणं अवघड. तुमच्या बँडमध्ये ट्रंपेट एकटाच राबतोय. मुखडा त्याचा, अंतरा त्याचा, मधले तुकडेही त्याचेच. गाडीवर गायक आहे, कॅसिओ आहे, दोन क्लॅरिनेट आहेत. जेवढं वाजवेल तेवढीच विश्रांती ओठाला द्या. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"लोक ट्रंपेट बघायला येतात, ताई."

"मग शेवटपर्यंत ऐकू येऊ दे त्यांना."

काही न बोलता गेले. पैसेही द्यायचे राहिले.

रात्री नऊला मी मुद्दाम तिकडून वाट वाकडी केली. वरात मारुतीच्या देवळावरून निघाली होती आणि दहाला स्पीकर बंद व्हायचे म्हणून सगळी घाई. बघते तर मुखडा क्लॅरिनेटवर चाललेला, पोरगा ट्रंपेट काखेत धरून, ओठ सैल सोडून, घोड्यासारखा फुर्रर्र करत चाललेला. अंतऱ्याला मास्तरांनी नुसती भुवई उचलली, तेव्हा त्यानं ट्रंपेट वर केला. आवाज सकाळच्यासारखा धारदार नव्हता. गोल होता, जरा अंधारा. मामांनी नोट ओवाळली. दहाला पाच कमी असताना तिसरी फर्माईश झाली. वरचा सी किंचित खाली लागला, पण लागला, आणि टिकला.

तिसऱ्या दिवशी मुलामा होऊन आलेला माउथपीस न्यायला भाचा येईल असं वाटलं होतं. मास्तर एकटेच आले. पैसे मोजून दिले, माउथपीस रुमालात बांधला, तरी उठेनात. मग इकडंतिकडं बघून कोटाच्या आतल्या खिशातून तुपाची डबी काढली, आणि तिच्यामागून एक माउथपीस. छाप नाही, आकडा नाही, तीस वर्षांत कड घासून घासून सपाट झालेली. चांदीचा तर मागमूस नव्हता.

"याला चांदी चढेल का? का सोनंच घालावं?" मिशीखालून बोट फिरवत मास्तरांनी विचारलं. "पोराला सांगू नका एवढं."