गळती वरच्यांची नव्हतीच

"वरच्यांचं बाथरूम गळतंय. तुम्ही फक्त आमचं छत नीट करून द्या," असं त्या घरच्या ताईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं. कारण ठरलेलं, दोषी ठरलेला, माझ्याकडे उरली ती मलमपट्टी. अशा कामांना मी जरा वचकूनच असतो. पाणी कुठून येतंय ते न बघता पुट्टी फासली, तर डाग परत उगवतो आणि नाव कारागिराचं खराब होतं.

जाऊन पाहिलं. जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग, त्यावर दाणेदार टेक्स्चर. एक्झॉस्ट पंख्याभोवती हातभर तपकिरी डाग, कडेने काळी बुरशी, मधला भाग फुगून खाली आलेला. अंगठ्याने दाबलं तर बोर्ड आत गेला आणि टेक्स्चरचे दाणे ओल्या रव्यासारखे हातावर सुटून आले. सपाट छतावर ओल लगेच डोळ्यात भरते. टेक्स्चरमध्ये ती दाण्यांच्या सावलीत लपते. इमारत नवी होती म्हणून मी हात तरी लावला. 1980च्या दशकापर्यंतच्या जुन्या टेक्स्चरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेले तर घातक ठरणारे बारीक तंतू, असू शकतं. तिथे आधी नमुना तपासून घ्यायचा, तोवर खरवडणं, घासणं काहीही नाही.

मला खटकत होती ती डागाची जागा. वरचा पाइप कोपऱ्यातून उतरत होता आणि डाग बरोबर पंख्याभोवती. त्यात ताई सहज बोलून गेल्या, "थंडीत वाढतो हो. आम्ही बाहेरगावी गेलो की सुकतो." म्हणजे वरचेही नेमके त्याच वेळी आंघोळ बंद ठेवतात की काय?

मेन स्विच बंद केला, खराब बोर्ड चौकोनी कापून काढला आणि टॉर्च घेऊन डोकं आत घातलं. पाइपच्या प्रत्येक सांध्यावर टिश्यू पेपर फिरवला; कोरडा ठणठणीत. पण पंख्याची लवचिक नळी तोंडापासून निसटून बाजूला पडली होती. रोजची गरम वाफ बाहेर जाण्याऐवजी या पोकळीत भरत होती, थंड स्लॅबला लागून तिचं पाणी होत होतं आणि बोर्डावर ठिबकत होतं. पंख्याच्या वरचा स्लॅबचा सगळा भाग बारीक थेंबांनी भरलेला. गळती असती तर पाण्याचा एखादा ओघळ, एखादी वाट दिसली असती.

ताई स्वतः शिडीवर चढल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं बाई! आणि आम्ही त्यांना नाही नाही ते बोललो." त्या भेगेला लावायची पुट्टी काही माझ्याकडे नव्हती.

नळी नवी घातली, पट्ट्याने आवळली आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे आत पाणी साचलंच तर पंख्यावर परत येणार नाही. भोक मुद्दाम उघडं ठेवलं. ओल मोजायचं मीटर कोरडं दाखवेपर्यंत बोर्ड लावायचा नाही, यावर मी अडून बसलो. घरच्यांची कुरकुर झाली, होऊ दे.

पुढचं काम सरळ. ओल सहन करणारा बोर्ड, सांध्यांवर टेप, पुट्टीचे पातळ हात कडेला विरत नेलेले, जुन्या डागावर डाग अडवणारा प्रायमर. पाण्यात कालवायच्या साध्या रंगाने हा डाग झाकला जात नाही, वर फुटून येतो.

खरा कस टेक्स्चरचा. पुठ्ठ्यावर फवारून बघितलं: मिश्रण पातळ तर दाणे पसरतात, घट्ट तर गोळे पडतात. जुन्या दाण्यांशी जमलं तेव्हाच छताकडे वळलो. फवारा ठिगळाच्या मधोमध नाही, तर कडा ओलांडून जुन्या भागावर विरळ होत जाईल असा मारला. बॅटरी छताला समांतर धरून पाहिली, शिवण दिसेना. "रंग तेवढ्या तुकड्यालाच द्या ना," असं सुचवलं गेलं. दिला असता तर नव्या-जुन्याची सीमारेषा कायमची राहिली असती. अख्खं छत रंगवलं.

निघताना पंखा लावून जाळीला टिश्यू धरला, चिकटून राहिला. आंघोळीनंतर वीसेक मिनिटं पंखा चालू ठेवा आणि दाराखाली फट राहू द्या, नाहीतर आत हवाच येणार नाही, हे सांगत होतो. ताईंचं निम्मं लक्ष वरच्यांची बेल कधी वाजवायची याकडेच होतं.