आषाढातली लग्नं: बीएसएफ पिंजऱ्याची पावसाळी नोंद

मे महिन्यात मला वाटत होतं, बीएसएफ (ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे जिच्या अळ्या भाजीचा कचरा खातात आणि कोंबड्यांना खाद्य होतात ती काळी माशी) पाळण्यात काय एवढं? कोल्हापुरात शुक्रवार पेठेतली आमची गच्ची, मच्छरदाणीचा तीन फुटी पिंजरा आणि सकाळी नऊपासून कडक ऊन. दहा-साडेदहाला आत नुसता कल्ला. नर पानावर दबा धरून बसणार, मादी समोरून गेली की हवेतच झडप, मग जोडी खाली येऊन पाठीला पाठ लावून वीस-पंचवीस मिनिटं ढिम्म. दोन दिवसांनी लाकडी पट्ट्यांच्या फटीत अंडी. कोंबड्यांना अळ्या पुरून उरायच्या.

मग पाऊस लागला.

४ जुलै. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. पिंजरा पत्र्याखाली सरकवून आठवडा झाला. साधारण दोनशे माश्या, सगळ्या ठणठणीत, पण जाळीला चिकटून गप्प. सकाळी साडेदहाला मोबाईलच्या ॲपवर उजेड अडीच हजार लक्स (उजेड मोजायचं माप). (मोबाईलचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढं कळतं.) आठवडाभरात एकही जोडी दिसली नाही.

७ जुलै. पट्ट्यांत अंड्यांचे अकरा पुंजके! मी खूश. घरच्यांना दाखवले, फोटो काढले, डबीत घालून तारीख टाकली.

१२ जुलै. एकही अळी नाही. २७ अंशांच्या आसपास चार दिवसांत अंडी फुटायला हवीत. भिंगातून पाहिलं तर पुंजका सुकून बसलेला. चांगल्या अंड्यात तिसऱ्या दिवशी डोळ्यांचे बारीक ठिपके दिसू लागतात, इथे काहीच नव्हतं. मीलन न झालेली मादीसुद्धा अंडी घालते, फक्त ती पोकळ असतात, हे वाचलं होतं. पण पुंजके बघून हुरळलो. तुम्हीही पुंजके मोजत असाल तर थांबा, अळ्या मोजा.

पुन्हा वाचायला बसलो. अमेरिकेतल्या जॉर्जियात टॉम्बरलिन आणि शेपर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलं होतं की मीलनाचा संबंध दिवसाच्या वेळेशी आणि उजेडाच्या तीव्रतेशी आहे. अंडी घालण्याचं मात्र तापमान आणि दमटपणावर अवलंबून. त्यांच्याकडची बहुतेक मीलनं २०० मायक्रोमोलच्या (हेही उजेडाचंच एक माप) वर झाली. उन्हाच्या हिशेबात ते अंदाजे ११ हजार लक्स. माझे अडीच हजार! म्हणजे अंडी घालायला हवामान झकास होतं, फक्त लग्नंच लागली नव्हती.

१४ जुलै. नवी तुकडी कोषातून निघतेय, नेहमीप्रमाणे आधी नर. चार एलईडी ट्यूब लावल्या. आपल्या डोळ्यांना लख्ख उजेड, माश्यांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांचे डोळे अतिनील, निळा आणि हिरवा उजेड टिपतात; आपल्याला पांढराशुभ्र दिसतो तो त्यांना तसाच दिसेल असं नाही. खास एलईडीवर माश्या वाढवणारे लोक आहेत, पण माझ्या ट्यूब साध्या, घरगुती. २०१० मधल्या एका चिनी प्रयोगात ५०० वॉटच्या क्वार्ट्‌झ-आयोडीन दिव्याखाली मीलन झालं होतं, उन्हापेक्षा कमी, पण झालं. क्वार्ट्‌झ-आयोडीन म्हणजे आपला मांडवातला हॅलोजन!

ओळखीच्या मांडववाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आषाढात कुणाचं लगीन काढलंस रं?" माश्यांचं म्हटल्यावर त्यानं भाडंच घेतलं नाही.

१६ जुलै. पहिल्याच दिवशी घोळ. हॅलोजन फूटभरावर ठेवला, जाळी वितळून मुठीएवढं भोक पडलं आणि तीसेक माश्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. "गांधीलमाश्या आल्या!" म्हणून आरडाओरडा. एक मुठीत धरून दाखवली: नांगी नाही, चावत नाही, पोटावर दोन काचेच्या खिडक्यांसारखे ठिपके. काकूंना खिडक्यांचं कौतुक वाटलं नाही.

१८ जुलै. दिवा अडीच फुटांवर, जाळीच्या वर, तिरका. सकाळी साडेनऊ ते साडेबारा. पानांवर दिवसातून चार वेळा पाणी फवारलं, कारण तेवढ्या भागात हवा कोरडी पडते. ११ वाजून ५ मिनिटांनी पहिली जोडी! साडेबारापर्यंत नऊ मोजल्या. उन्हाळ्यात हा आकडा मी हसण्यावारी नेला असता.

२० जुलै. मुद्दाम हॅलोजन बंद केला. तीन तासांना दीड युनिट जातं, आणि अंडी घालायला उजेड लागत नसेल तर पैसे का जाळा? पुढच्या तीन दिवसांत अंधारलेल्या पिंजऱ्यात चौदा पुंजके. पैकी दहा फुटले. एकच तुकडी आहे, फार मोठा दावा करत नाही. पण आता दिवा माश्या निघाल्यापासून पहिले चार दिवसच लावतोय, तोही सकाळचाच.

९ ऑगस्ट. श्रावणातलं ऊन, तास-दीड तास टिकणारं. पत्रा बाजूला केला की माश्या पाच मिनिटांत कामाला लागतात. हॅलोजनखाली एवढी घाई त्यांनी कधीच केली नाही.

मांडववाल्याचा काल निरोप आला, गणपतीच्या तयारीला दिवा परत हवाय. म्हणून उरलेले कोष जिन्याखालच्या गार कोपऱ्यात नेऊन ठेवलेत, म्हणजे माश्या जरा उशिरा निघतील. कपिलतीर्थ मंडईतून आणलेला भाजीचा पाला मात्र रोज साचतोय आणि अळ्या जेमतेम दोन ट्रे. कुणाकडे जादा अंडी असतील तर कळवा, बदल्यात गावठी अंडी देतो.