‘ताप नाहीये’ म्हणाले आणि अंग होतं ३१.८ वर

मागच्या जुलैत मामेभावाला घेऊन कळसूबाईला गेलो होतो. १६४६ मीटर, वर पाऊस आडवा मारत होता आणि हा पठ्ठ्या कॉटनच्या टीशर्टवर. उतरताना त्याचे पाय अडखळायला लागले, बोलणं जड झालं, जर्किनची चेन लावता येईना. आम्हाला वाटलं दमलाय. खाली पायथ्याच्या बारी गावात एका मावशींनी घरात घेतलं, ओले कपडे उतरवले, गोधडीत गुंडाळला आणि गाडी काढली.

खरा घोळ हॉस्पिटलात झाला. कॅज्युअल्टीत सिस्टरांनी काखेत थर्मामीटर लावला, बघितला आणि म्हणाल्या, "ताप नाहीये दादा, बसा, नंबर येईल." मी तो हातात घेऊन बघितला, पारा ९४ फॅरनहाइटच्या रेघेच्या वर आलाच नव्हता. अहो त्या काचेवर आकडेच ९४ पासून सुरू होतात, त्याच्या खाली माणूस किती गेलाय ते तो सांगणार कसा? मी म्हटलं सिस्टर, ९५ च्या खाली म्हणजे हायपोथर्मिया, अंग धोकादायक गार पडणं, त्या म्हणाल्या डॉक्टर डिलिव्हरीत आहेत. चाळीस मिनिटं बाकड्यावर! त्यात मधेच त्याची थरथर थांबली आणि शेजारचे एक काका म्हणाले, "बघा, आता बरं वाटतंय त्याला." माझ्या पोटात गोळा आला, कारण थरथर थांबली आणि माणूस गुंगीत चालला की ते बरं होणं नसतं, अंगातली ताकद संपलेली असते. शेवटी मी लेबर रूमच्या दारावर जाऊन ओरडलो. मला त्याचं आजही काही वाटत नाही, तुम्हीही ओरडा.

डॉक्टर बाहेर आले, एक नजर टाकली आणि ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजायची तार, आणायला सांगितला, तो गुदद्वारातून आत घालतात. ३१.८ सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण ८९. मग सगळं भराभर, शुगर, ईसीजी, कोमट केलेलं सलाईन, छातीला आणि काखेत गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून. हातापायांना शेक द्यायचा नाही म्हणाले, तिकडचं गार रक्त एकदम हृदयाकडे येतं. उचलतानाही हळू, कारण इतक्या गार हृदयाचे ठोके नुसत्या धक्क्यानेही बिघडू शकतात.

हो, एक राहिलं, गाडीत आमच्यातला एकजण रम पाजायला निघाला होता आणि दुसरा तळवे चोळत होता, दोन्ही करू नका. दारूने गरम वाटतं पण अंगातली उष्णता बाहेर जाते. गरम गोड चहा चालतो, पण माणूस नीट शुद्धीत असेल आणि गिळत असेल तरच.

संध्याकाळी सातला तो परत कुडकुडायला लागला. मी आयुष्यात कुणाचं कुडकुडणं बघून इतका खूश झालो नव्हतो. रात्री ३६ वर आला, सकाळी पोहे मागितले.

आणि घरच्या डिजिटल थर्मामीटरवर ‘लो’ असं आलं तर सेल गेला समजून बाजूला टाकू नका, आधी माणसाकडे बघा.