मळीतला पार्श्वनाथ

मी खानापूर तालुक्यात इतिहास शिकवतो. त्यामुळे आसपास कुठं कोरीव दगड निघाला की फोन येतो. मे महिन्यात मलप्रभेकाठच्या एका गावातून आला : "सर, मळीत नागोबा निघालाय. ट्रॅक्टर आणलाय, देवळात नेऊन बसवतो." मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. मी म्हटलं, "येईपर्यंत हलवू नका ओ."

पोचलो तेव्हा हळदकुंकू वाहून झालं होतं. चरात मूर्ती उताणी पडलेली. ओल्या फडक्यानं गाळ पुसला आणि फणा मोजल्या : सात. नागोबा नव्हे, हा जैन तीर्थंकर. पाच असत्या तर सुपार्श्वनाथ म्हणावं लागलं असतं. वर तीन छत्रं, अंगावर ना वस्त्र ना दागिना, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले, पाठीमागून नागाची वेटोळी पार पायापर्यंत. कायोत्सर्गात, म्हणजे ताठ उभ्या ध्यानात, असलेला पार्श्वनाथ!

आपल्या भागाला हे नवं नाही. कदंब राजा मृगेशवर्म्यानं पाचव्या शतकात पलाशिकेत, म्हणजे आपल्या हलशीत, जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचं ताम्रपट सांगतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (बसदी म्हणजेही जैन मंदिरच) रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची. पण या मळीत देऊळ होतं, की मूर्ती कुणी दुसरीकडून आणून पुरली? एकट्या मूर्तीवरून ते कळत नाही. म्हणून सगळ्यांना आजूबाजूचे दगड बघायला लावलं.

बाया ज्यावर धुणं आपटायच्या तो लांब दगड चौघांनी पहारीनं उलटला. खाली वेलबुट्टी, आणि बरोबर मधे पद्मासनातला वीतभर जिन, म्हणजे तीर्थंकर. दाराच्या माथ्यावरची पट्टी होती ती! जवळच कातीव खांबाचा तुकडा. बसदी इथलीच. आणि मूर्ती आधीच ट्रॅक्टरवर चढली असती तर त्या धुण्याच्या दगडाकडं कुणी बघितलंही नसतं. मला तळमळ लागते ती याचीच. दगड उचलला की त्याचा शेजार कायमचा जातो.

एका आजीनं विचारलं, "मग आता आम्ही पुजायचं का न्हाई?" पुजा की, म्हटलं. फक्त तेल-शेंदूर नको, कोरीव काम बुजतं. आणि सिमेंट तर नकोच.

कर्नाटकच्या 1962 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पंचायतीत बसून अर्ज लिहिला, तोवर पोरांनी टेप धरून प्रत्येक दगडाचं अंतर मोजलं. नकाशा अर्जालाच जोडला.