तीन रकाने

स्लाइड्स वाचून झाल्या, कागदावर मी "तीव्र अल्झायमर" असं लिहिलं आणि मग पाकीट उघडलं. दान म्हणून आलेल्या मेंदूचं पहिलं वाचन आमच्याकडे नुसत्या क्रमांकावर होतं. वय, आजारपण, शेवटचे महिने कसे गेले हे सगळं बंद पाकिटात असतं, म्हणजे आधी कळलेल्या गोष्टी डोळ्यांवर चढत नाहीत.

पाकिटात ८९ वर्षांच्या बाई होत्या. मृत्यू हृदयविकाराने. त्याआधी पाच महिन्यांपूर्वी झालेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २८ गुण. खाली त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या अक्षरात: "औषधं स्वतः घेतात. हिशेब स्वतः ठेवतात. मागच्या भेटीत काय बोललो ते मला त्यांनी आठवून सांगितलं." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींत "वयानुसार विस्मरण" एवढीच ओळ असते आणि तिचा काडीचा उपयोग होत नाही. या डॉक्टरांचे मी मनातून आभार मानले.

मग पोटात गोळा आला. अदलाबदल झाली असणार.

त्या दिवशी दोन मेंदू कापले होते. मी वही काढली, मेंदूचे तुकडे ठेवायच्या कॅसेटवरचे क्रमांक, ते मेणात बसवलेल्या ब्लॉकवरचे क्रमांक, स्लाइडवर पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक, कापतानाचे फोटो, एकेक जुळवून पाहिलं. सगळं जुळत होतं. तरी समाधान होईना, म्हणून ब्लॉकमधून नव्याने काप घ्यायला सांगितले. आमच्या तंत्रज्ञ बाई पाच मायक्रॉनचा काप घेतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं. मेणाची पट्टी पात्यावरून सरकत येते, त्या ती कोमट पाण्यावर अलगद सोडतात, सुरकुती आपोआप निघू देतात आणि काच खालून तिरकी घालून उचलतात. हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाच्या, कापाला घडी पडली तर नेमका हवा तो भाग वाचता येत नाही. त्यांच्या हातून अशी घडी पडलेली मला आठवत नाही, आणि आमच्या अहवालांवर त्यांचं नाव कधीच नसतं.

नव्या स्लाइड्सनीही तेच सांगितलं. चेतापेशींच्या आत साचणाऱ्या टाऊ प्रथिनाचे गुंते मेंदूच्या बाहेरच्या थरात, बाह्यकात, दूरवर पोचलेले; हा पसार मोजणाऱ्या ब्राकच्या सहा पायऱ्यांपैकी पाचवी. अमायलॉइड प्रथिनाचे प्लाक, म्हणजे पेशींबाहेर साचलेले गोळे, जागोजाग. २०१२ च्या नियमावलीनुसार आजाराची पातळी तीन रकान्यांवरून ठरते: अमायलॉइड किती भागांत पसरलंय, गुंते कुठवर गेलेत, सुजलेल्या चेतातंतूंनी वेढलेले प्लाक किती दाट आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन. या बाईंना तीन, तीन, तीन. स्मृतिभ्रंश होता की नव्हता याचा त्या गुणांशी संबंध नाही, असं त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटलंय. हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितलंय. पण सांगणं वेगळं आणि त्या तीन तिनांवर हाताने २८ लिहिणं वेगळं.

मग एक गोष्ट आठवली आणि अजून टोचते आहे. कापताना माझ्या हाताला फरक कळला होता. या पातळीच्या आजारात हिप्पोकॅम्पस सहसा आक्रसलेला असतो, शेजारची पोकळी रुंदावलेली असते. इथे तो भरीव होता. मी तसं टिपलंही होतं, पण स्लाइडवर गुंते दिसल्यावर त्या टिपणाकडे परत पाहिलं नाही.

एका संशोधनासाठी त्याच भागाच्या आणखी स्लाइड्स रंगवून ठेवल्या होत्या, मायक्रोग्लियाच्या, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशींच्या. रोजच्या अहवालासाठी हे रंगकाम होत नाही. ज्या दुसऱ्या मेंदूशी अदलाबदल झाली असं मला वाटलं होतं, त्याच्याही तशाच स्लाइड्स होत्या. तिथेही गुण तीन, तीन, तीन, पण बाई नऊ वर्षं स्मृतिभ्रंशात होत्या. दोन्ही मेंदू मृत्यूनंतर थोड्याच तासांत फॉर्मॅलिनमध्ये गेले होते, त्यामुळे उशिरामुळे पेशी बिघडल्या असंही म्हणता येत नव्हतं.

दोन स्लाइड्स आलटून पालटून ठेवत मी संध्याकाळ काढली. दुसऱ्या मेंदूत प्रत्येक प्लाकभोवती मायक्रोग्लियांची दाटी होती. अंग फुगलेलं, फांद्या आखूड आणि जाड, आत गिळलेल्या मालाच्या पिशव्या गच्च. प्लाकपासून दूर, जिथे काहीच नाही तिथेही त्या तशाच सुजलेल्या. आमच्या बाईंच्या मेंदूत प्लाकला टेकून दोन-तीन पेशी आणि त्यापलीकडे लगेच निवांतपणा: बारीक केंद्र, चहूकडे केसासारख्या फांद्या, दोन पेशींमध्ये मोकळं अंतर. प्लाक तितकेच, पण त्यांच्या शेजारी कुणी पेटून उठलेलं नाही.

हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींत आणखी एक फरक होता. दुसऱ्या मेंदूत पेशीमागून पेशी बारीक पोकळ्यांनी भरलेली, प्रत्येक पोकळीत एक काळा कण. आमच्या बाईंच्या स्लाइडवर अशी पेशी शोधावी लागत होती. ज्या पेशींत हे कण दिसतात, त्यांतच पर्क नावाचं प्रथिन चेतलेलं सापडतं. चुकीच्या घडीची प्रथिनं साचली की पर्क जागं होतं आणि पेशीतलं प्रथिन बनवण्याचं काम थोपवतं. तासाभरासाठी हा बचाव आहे. महिनोन्‌महिने तसंच राहिलं, तर चेतापेशींमधले सांधे टिकवणारी प्रथिनंही बनत नाहीत. प्रायॉनचा, म्हणजे चुकीच्या घडीच्या पसरणाऱ्या प्रथिनाचा, संसर्ग झालेल्या उंदरांत पर्कला औषधाने अडवलं तेव्हा चेतापेशी वाचल्या, हे २०१३ मध्ये दिसलं, पण त्यांच्या स्वादुपिंडाला इजा झाली. बचाव कायमचा बंद करूनही चालत नाही.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना स्लाइड्स दाखवल्या. "अपवाद असतात, पुढे चल," म्हणाले. मला हे पटत नाही. आपण मोजतो तेच महत्त्वाचं, असं धरून चालल्यामुळेच तो अपवाद ठरतो. मायक्रोग्लियाला १९१९ मध्ये नाव मिळालं, तरी कितीतरी वर्षं ती मागाहून येणारी झाडूवाली मानली गेली. २०१२ मध्ये ट्रेम-टू या जनुकातला एक बदल अल्झायमरचा धोका कितीतरी वाढवतो हे कळलं, आणि हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं. दुसरीकडे, मायक्रोग्लियांचं असं पेटणं म्हणजे दाह, आणि दाह वाईट म्हणून तो दाबूया, इतकं हे सोपंही नाही. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी औषधं देऊन आजार टाळायचा प्रयत्न झाला, त्यातून काही हाती लागलं नाही. आणि माझ्यापुढच्या काचेवर तर मेलेला क्षण आहे. मायक्रोग्लिया शांत राहिल्या म्हणून चेतापेशी वाचल्या, की चेतापेशी धडधाकट होत्या म्हणून मायक्रोग्लियांना उठावं लागलं नाही, हे तिथून वाचता येत नाही.

अहवाल गेल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही तीव्र लिहिलंय. आईला अल्झायमर होता आणि आमच्या लक्षात आलं नाही का?" आवाजात अपराधीपणा होता. तीन रकान्यांचा कागद मी तिच्या हाती दिला होता आणि तो वाचून तिला दुसरं काय वाटणार?

मी तिला सांगितलं, तुमच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतंच. आजाराच्या खुणा मेंदूत होत्या आणि तरी मेंदू चालत होता. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, देहदानाच्या अर्जावर सही करताना आईने त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली होती.

पुरवणी अहवाल पाठवला. मायक्रोग्लियांसाठी छापील फॉर्मवर जागा नाही, म्हणून तिसऱ्या रकान्याच्या खाली, समासात हाताने सहा ओळी लिहिल्या. त्याच ब्लॉकमधून आणखी दहा काप घ्यायला सांगितलेत, चेतापेशींमधले सांधे मोजण्यासाठी. ते रंगून यायचे आहेत.